नमुना

विद्यापीठाचं परिपत्रक आलं,
चौथा पेपर यंदापासून पडद्यावरच शिकवायचा.
म्हणून साकोलीतल्या भाड्याच्या खोलीत
सिलिंडरवर पुस्तकं, पुस्तकांवर मोबाइल,
आणि सकाळी साडेदहाला मी
बासष्ट काळ्या चौकोनांना नमस्कार म्हणते.
चौकोन काही म्हणत नाहीत.

माझं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालेलं आहे.
दर दहा मिनिटांनी प्रश्न टाका, म्हणाले,
मतं मागवा, नावानं हाक मारा.
मारते.
प्रीतिलता रहांगडाले?
खाली अक्षरं उमटतात: नेट गेलता मॅडम.
डुमेश कापगते?
एक पिवळा अंगठा वर होतो,
कोणाचाही असू शकेल असा.
लोमेश शहारे?
लोमेश सगळ्यात आधी येतो, सगळ्यात शेवटी जातो,
आणि मधली पन्नास मिनिटं नसतोच.
हजेरी मात्र शंभर टक्के.

त्या दिवशी नमुना निवड होती.
समष्टी, नमुना, त्रुटी,
हिरव्या शाईत तीन शब्द लिहिले आणि विचारलं,
सगळं न मोजता सगळ्याबद्दल कसं सांगायचं?
थांबले.
खाली आटाचक्कीचा पट्टा सुरू झाला.
रोजच्यासारखं माझं उत्तर मीच द्यायला तोंड उघडलं,
तेवढ्यात शहारेच्या चौकोनाला हिरवी किनार आली.

"मॅडम, मी लोमेसची माय बोलतो जी, भागरता.
तो गेला राइस मिलवर. फोन खुटीले टांगून जाते.
तुमचा आवाज येते म्हून आयकतो मी बी,
विड्या बांधता बांधता.
आमचा मुनीम येते ना सनवारी,
तो का हजार विड्या पायते का?
दोन कट्टे उकलते. चार ढिल्या निंगाल्या
का त्याच हिशोबानं हजाराची छाट काटते.
पर तो वरचेच कट्टे उचलते, मॅडम.
आता सांगा, वर मी कोनते ठेवत असन?"

कोणीतरी हसलं.
माइक चालू आहे हे विसरून, पोट धरून हसलं.
मग डुमेश, ज्याचा आवाज मी जूनपासून ऐकला नव्हता:
"मुनीमानं मधातून काढाले पायजे.
धानाच्या पोत्यात परखी खुपसते तसं."
"मधातूनच काहून?" प्रीतिलता म्हणाली,
"मंग काकू मधात चांगले ठेवतीन.
डोये झाकून काढा म्हना."
आणि भांडण लागलं.
यादृच्छिक हा शब्द मी दोन वर्षं
फक्त शुद्धलेखनासाठी सांगत आले होते.
तो त्या भांडणात उघडाबागडा फिरत होता,
आणि मी त्याचं नाव घेतलं नाही बराच वेळ.

मीसुद्धा वरचेच कट्टे उचलत होते.
पहिल्या बाकावरचे, पोह्यांच्या वासाच्या घरातले,
ज्यांच्याकडे दार लावता येणारी खोली आहे असे.
त्यावरून बासष्टांची छाट काटत होते.

रात्री लोमेशचा निरोप आला:
मॅडम मायनं काई उलटसुलट बोललं का.
तिले बटन दबलं ते समजलं नसन.
हजेरी कापू नका.

(बटण तिला समजलं होतं. तिनं थांबून दाबलं होतं.)

दुसऱ्या दिवशी अकरा माइक उघडले.
नंतर सात. शुक्रवारी वीज गेली तेव्हा दोन.
विद्यापीठाचा फॉर्म आला,
सहभाग वाढवण्यासाठी कोणते साधन वापरले,
चार पर्याय, एक निवडा.
रात्रभर तो तसाच उघडा राहिला.

पोर्टलवर एका नावासमोर एकच खूण करता येते.
ती करते मी, शहारे, लोमेश, उपस्थित.
लोमेशसाठी राइस मिल सुटल्यावर
रात्री नऊला पुन्हा तेच सांगते, फोनवर, थोडक्यात.
झोपेत हाव हाव म्हणतो पोरगा.

आणि साडेदहाला त्या एका चौकोनातून
ओल्या पानातून फिरणारी कैची ऐकू येत राहते.
कृपया आपले माइक बंद ठेवा,
हे वाक्य मी आता म्हणत नाही.